तेरहाची साठ वर्षं

३ फेब्रुवारी

मायना काय लिहावा या विचारातच माझा चहा गार झाला. चिरंजीव म्हणावं, तर तुम्ही माझ्याहून सातच वर्षांनी लहान. श्रीयुत म्हणावं, तर घरच्या माणसाला कुणी श्रीयुत म्हणत नाही. म्हणून मायन्याशिवायच सुरुवात करते. मी तुमच्या वडिलांची दुसरी बायको. आपली भेट एकदाच झाली, तीही दारात उभ्याउभ्या. तुम्ही तुमच्या आईचे फोटो न्यायला आला होतात. मी चहाचं विचारलं, तुम्ही घाईत होतात. जाताना फाटकाशी कुणाला तरी फोनवर म्हणालात, "हो, भेटली चष्मेवाली." मी ऐकलं. राग नाही, मी चष्मेवालीच आहे. आजही चष्म्याच्या दुकानाच्या काउंटरवरूनच लिहितेय. मालक जेवायला गेलेत. घरी लिहायला बसले असते तर "काय लिहितेस?" असा प्रश्न आला असता. तुमच्या बाबांशी खोटं बोलणं मला जमत नाही. गप्प बसणं जमतं.

तुमचा पत्ता एका मासिकात मिळाला. संग्रहालयात मातीच्या पाट्यांवरची जुनी लिपी वाचणारे म्हणून तुमचा फोटो होता. कपाळ अगदी त्यांचं.

कामाचं लिहिते. बाबांचा ग्रंथ संपत आला आहे. तुम्ही शाळेत असताना सुरू झालेला तोच: जगाच्या उत्पत्तीपासून यरुशलेमच्या पाडावापर्यंत सगळ्या प्राचीन राज्यांचा इतिहास, पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, दिलेली वर्षं आणि वयं धरून रचलेला. तुम्ही घर सोडलंत तेव्हा भिंतीवरची कागदाची पट्टी हॉलमध्येच मावत होती म्हणे. आता ती हॉलमधून निघते, स्वयंपाकघराला वळसा घालते आणि न्हाणीघराच्या दाराशी यरुशलेम जळतं. प्रत्येक माणसाच्या आयुष्याचा एक धागा, जन्माला एक टाचणी, मरणाला एक. वरती शास्त्रातली माणसं, खालती मिसर, अश्शूर आणि बाबेलचे राजे. लग्न करून आले तेव्हा पहिले काही महिने मी घरात तिरकी चालत होते. साडेनऊशेहून जास्त वर्षं जगलेल्या मथुशलहाच्या लांबलचक धाग्यात माझी बांगडी किती वेळा अडकली असेल! पण कुणी विचारलं, की शलमोन मंदिर बांधत होता तेव्हा बाकीच्या जगात काय चाललं होतं, तर हा माणूस पट्टीशी जातो, उभ्या रेषेवर बोट ठेवतो आणि खालीपर्यंत सांगत जातो, जणू सगळी शेजारच्या गल्लीतली माणसं. गणिताचे मास्तर होते ते, तुम्हाला सांगायला नको. मी मात्र असा माणूस पाहिला नव्हता. दर वर्षी चष्म्याचा नंबर वाढवून घ्यायला यायचे आणि फ्रेम निवडता निवडता मला बाबेलची हकिगत सांगायचे. बाकी गिऱ्हाइकं हवापाण्याचं बोलतात.

आता ते शेवटच्या प्रकरणात अडकलेत. यरुशलेम पडलं ते बाबेलच्या राजाच्या कितव्या वर्षी? एकाच अध्यायात एकदा एकोणिसावं लिहिलंय आणि पुढे अठरावं. महिना झाला, गाडी तिथेच. तुम्ही त्या राजांच्या पाट्या वाचता. माहीत असेल तर कळवा, दुकानाच्या पत्त्यावर.

आणखी एक. ते आता स्वतः वाचत नाहीत, मी वाचते आणि ते ऐकतात. काचबिंदू आहे. कडेचं आधीच गेलंय, मधलं नळीतून पाहावं तसं उरलंय. हे वाचून धावत येऊ नका. कीव करायला कुणी आलेलं त्यांना खपत नाही. फक्त उत्तर पाठवा.

तुमच्या वडिलांची पत्नी


२६ फेब्रुवारी

उत्तर आलं. मायना तूही टाळलास, थेट बाबेलपासूनच सुरुवात! शेवटच्या ओळीत "मला अहोजाहो करू नका" एवढं घरगुती. बरं, तू तर तू.

मी दुकानातून आले, हातपाय धुतले आणि सहज सांगावं तसं म्हटलं, "अहो, आमच्या एका गिऱ्हाइकाला तुमचा तो अठरा-एकोणिसाचा घोळ सांगितला. त्यांनी लिहून दिलंय."

"कोण गिऱ्हाईक?"

"जुनं आहे. लांबचा नंबर आहे त्यांना."

"वाच."

मी वाचलं. बाबेलमध्ये राजा गादीवर बसला ते वर्ष त्याच्या नावावर मोजत नसत, पुढच्या नववर्षापासून पहिलं वर्ष धरत. दुसरीकडे मात्र बसल्या दिवसापासूनच पहिलं वर्ष चालू. म्हणजे एकाच घटनेला एक लिहिणारा अठरावं म्हणेल, दुसरा एकोणिसावं, आणि दोघंही खरे. मला तर लगेच कळलं. पोराला सात पूर्ण झाली असं आपण म्हणतो, आणि आठवं लागलं असंही म्हणतो. त्यात खोटं कोण?

तुझे बाबा खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "ते मधलं पुन्हा वाच. 'आता गंमत बघा' पासून."

मी वाचलं. त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, मुद्दा पटला नाही की काय. दुसऱ्या दिवशी बाजारात त्यांचा एक जुना विद्यार्थी भेटला. मास्तरांची नक्कल करून दाखवताना त्याने फळ्यावर खडू आपटल्यासारखं केलं आणि म्हणाला, "आता गंमत बघा!" प्रत्येक गणिताच्या मध्यावर ते असंच म्हणायचे म्हणे. मी भाजीची पिशवी धरून तिथेच उभी राहिले.

म्हणजे त्यांनी तुला ओळखलं होतं. पण त्या संध्याकाळी ते एवढंच म्हणाले होते, "गिऱ्हाईक हुशार आहे. वेळ असेल त्यांना, तर आणखी थोडं विचारशील?"

आज सकाळी मी निघताना त्यांनी दाढी केली होती. कुठे जायचं नव्हतं तरी. "दुकान आज उघडं आहे ना?" असं दोनदा विचारलं.

सोबत प्रश्न जोडलेत.


२१ मार्च

तुझी तिन्ही पाकिटं पोचली. मालक विचारतात, हे कोण इतके चष्मे मागवतंय.

तू मिसरच्या पिरॅमिडांबद्दल लिहिलंस की बाबांच्या हिशेबाने जलप्रलय येतो त्याच्या कितीतरी आधीपासून ते उभे आहेत, आणि त्यांच्यावर पाण्याची खूण नाही. वाचताना माझा आवाज बारीक झाला. आता पुन्हा अबोला, असं वाटलं. पण ऐकून ते म्हणाले, "लिहून घे. आम्हाला हे मान्य नाही. आमचा आधार शास्त्र आहे, त्यांचा आधार माती. पण त्यांचं म्हणणं तळटीपेत घाल. पुरतं घाल. एक शब्द गाळू नकोस. वाचणाऱ्याला दोन्ही बाजू दिसल्या पाहिजेत."

जग किती जुनं आहे ते मला माहीत नाही रे. तू म्हणतोस तितकं असेलही. पण आपल्या विरुद्धचं म्हणणं आपल्याच पुस्तकात पुरतं छापा असं सांगणारा माणूस मी या एकाच घरात पाहिला.

पहिला भाग छापखान्यात गेलाय. त्याची प्रुफं मी त्यांना वाचून दाखवते. परवा नोहा आणि अब्रामाचं प्रकरण आलं. तू वाचलं असशील. अब्राम लहान आहे, कुणीतरी त्याला म्हाताऱ्या नोहाकडे घेऊन जातं. जलप्रलयाच्या आधीचं जग सगळ्यात जास्त पाहिलेला तोच. तो मुलाच्या डोक्यावर हात ठेवतो आणि पाण्याच्या आधी झाडं कशी होती ते सांगतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पदराला डोळे पुसले होते. अख्ख्या ग्रंथात असं दुसरं पान नाही. बाकी सगळे आकडे, हा एक श्वास.

वाचून झालं आणि ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला विचार, तेरहाच्या साठ वर्षांबद्दल त्यांचं काय मत आहे."

"आता हे काय नवीन?"

"नवीन नाही," म्हणाले. "या साठ वर्षांवरून या घरात एकदा भरली ताटं तशीच राहिली होती."

मग त्यांनी मला सांगितलं. इतकी वर्षं मी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, तू शास्त्र मानत नाहीस म्हणून फाटलं असेल. तसं नव्हतं. तेरह सत्तर वर्षांचा असताना त्याला अब्राम झाला, असं बाबांनी धरलं, कारण एका ओळीत तसं दिसतं. तू बाविसाव्या वर्षी जेवताना त्यांना म्हणालास की त्या ओळीत तीन मुलांची नावं एका दमात आहेत, थोरला कोण ते त्यावरून ठरत नाही. तेरह दोनशे पाच वर्षांचा होऊन हारानात मेला. बाप मेल्यावर अब्राम तिथून निघाला, तेव्हा तो पंचाहत्तरचा. दोनशे पाचातून पंचाहत्तर वजा केले तर एकशे तीस येतात. म्हणजे अब्राम साठ वर्षं उशिरा जन्मला. "आणि तोवर नोहा मेलेला होता," बाबा मला म्हणाले. "तो म्हणाला, 'बाबा, ती दोघं कधी भेटलीच नाहीत. तुमचं प्रकरण सुंदर आहे, पण ते घडलं नाही.'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, ज्याला माझ्या ग्रंथात चुका दिसतात त्याने माझ्या घरात कशाला राहावं."

तुझी आई तेव्हा आजारी होती, हेही सांगितलं. पुढचं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तर प्रश्न हा आहे. नीट विचार करून उत्तर दे.


१० एप्रिल

तुझं उत्तर वाचलं आणि घरात वादळ झालं. तुझ्यावर नाही, माझ्यावर.

तू लिहिलंस की दोन्ही वाचनं जुन्या अभ्यासकांनी मान्य केलेली आहेत, लेखकाने आपलं मत कायम ठेवायला काही हरकत नाही, ते प्रकरण तर मुळीच गाळू नये. मला फार बरं वाटलं. माणूस मोठा झाला की किती समजूतदार होतो, असंच मनात आलं. पण बाबा खुर्चीतून उठले.

"हे मत नाही! ही समजूत घालणं आहे. मी काय दात पडलेला म्हातारा आहे, मऊ भात भरवायला? त्याला..." थांबले. "त्यांना लिही, की मास्तरांनी गणित विचारलं होतं, सांत्वन नाही."

"अहो, तुमच्याच मनासारखं लिहिलंय त्यांनी!"

"म्हणूनच तर!"

पुढे दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी म्हणाले, "ती पानं वाच. तेरहाची." मी वाचली. "पुन्हा." पुन्हा वाचली. "आता पुढचं, बाप मेल्यावर निघाला ते." ते वाचलं. चौथ्यांदा वाचताना मला ते पाठ झालं. त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "डोळे होते तेव्हा मी ही ओळ सत्तर या आकड्यापाशीच सोडायचो. पुढची तीन नावं मला दिसायचीच नाहीत. आता कान ती सोडत नाहीत."

मग भिंतीशी गेले. उजव्या हाताची बोटं नोहाच्या धाग्यावरून सरकत गेली, मरणाच्या टाचणीपर्यंत. डाव्या हाताने अब्रामाच्या जन्माची टाचणी धरली, उपसली आणि मला म्हणाले, "साठ वर्षं पुढे. सहा बोटं मोज." मी मोजली, त्यांनी टोचली. दोन्ही टाचण्यांमध्ये नखाएवढीही जागा नव्हती.

"दोन वर्षं," म्हणाले. "नुसत्या दोन वर्षांनी चुकामूक झाली."

दोन्ही हात तसेच भिंतीला होते. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "पोरगं बरोबर होतं."

गिऱ्हाईक नाही म्हणाले. पोरगं.

उद्या छापखान्यात जायचं म्हणतात. मी सुट्टी टाकलीय.


३० एप्रिल

छापखान्यात जे झालं ते तू पाहायला हवं होतंस, म्हणून सगळं लिहिते.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब तिथेच भेटले. ग्रंथ मंडळीतर्फे निघतोय, त्यामुळे प्रुफांचा गठ्ठा त्यांच्यापुढे होता. यंत्रांची खडखड इतकी की ओरडूनच बोलावं लागतं. हे माझ्या खांद्यावर हात ठेवून आत आले आणि म्हणाले, "थांबवा. अब्रामापासून पुढची सगळी वर्षं बदलायची आहेत."

छापखानेवाल्याने यंत्र बंद केलं. आपण चुकीचं ऐकलं असं त्याला वाटलं असावं.

पाळकसाहेब म्हणाले, "मास्तर, किती वर्षांचा फरक आहे?"

"साठ."

"अहो, साडेतीन हजारांच्या हिशेबात साठ! कोण विचारतंय? तळाला एक चूकदुरुस्ती घालू आणि पुढे जाऊ. तुमची तब्येत बघा, वय बघा."

"वयाचं बरोबर आहे," हे म्हणाले. "मी शहात्तरचा आहे. माझ्या हिशेबातून साठ काढा, मग काय उरतं बघा. साठ वर्षं थोडी नसतात."

पाळकसाहेब हसले. मग एकदम गंभीर झाले आणि विचारलं, "पण ते नोहाचं प्रकरण? मी ते प्रवचनात दोनदा वापरलंय. लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं."

"माझ्याही आलं होतं. म्हणूनच तर इतकी वर्षं चुकलो. काढून टाका."

छापखानेवाला आडदांड माणूस, एरवी बोलताना कुणाची भीड ठेवत नाही. तो खुर्ची घेऊन आला, लहान मुलाला बसवावं तसं यांना बसवलं आणि म्हणाला, "मास्तर, बसा. कुठून कुठपर्यंत बदलायचं ते सांगा. यंत्र तुमच्यासाठी थांबेल."

घरी आल्यापासून आम्ही दोघं धागे हलवतोय. अब्रामापुढचा प्रत्येक धागा सोडायचा, सरकवायचा, पुन्हा टोचायचा: इसहाक, योसेफ, मोशे, राजांच्या आधी सत्ता चालवणारे शास्ते, मग राजे. मी दुकानातून यायची, तेव्हा ते भिंतीशीच असायचे, तोंडात टाचण्या धरून शिंपी असतो तसे. एकदा बोट टोचून रक्त आलं, तर म्हणाले, "दाविदाच्या काळात युद्धं फार." न्हाणीघराच्या दाराशी जागा संपली. मग यरुशलेम दाराच्या आत नेलं. आता आंघोळ करताना बाबेलचा राजा समोर असतो.

ते प्रकरण मात्र काढलं नाही, त्यांनी ते नवं सांगितलं आणि मी लिहून घेतलं. आता ते असं सुरू होतं की नोहा आणि अब्राम एकमेकांना भेटले नाहीत. म्हातारा गेला आणि दोन वर्षांनी मूल आलं. जे सांगायचं होतं ते मधल्या माणसांच्या तोंडून जावं लागलं, थोडं गळत, थोडं बदलत. जुनं प्रकरण गोड होतं. हे वाचताना मात्र मी पदर शोधला नाही, वाचायचीच थांबले. तुला प्रत पाठवतेय. कुठलं चांगलं ते तू ठरव, पण या वेळी खरं लिही. आम्हा दोघांना समजूत नकोय.

आणि प्रस्तावनेत एक वाक्य त्यांनी सांगितलं, मी जसंच्या तसं उतरवलं: "अब्रामाच्या जन्माची चूक माझ्या मुलाने पूर्वीच दाखवली होती. मी ऐकलं नाही. ती चूक माझी आणि दुरुस्ती त्याची." मी विचारलं, "थोडं सौम्य करायचं का?" म्हणाले, "आहे तसं राहू दे. छापील चूक छापील अक्षरांतच मान्य करावी लागते."

मी तुझ्या बाबांशी लग्न केलं तेव्हा माझ्या बहिणीने विचारलं होतं, या माणसात काय पाहिलंस? तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं.


१७ जून

दृष्टी गेली. मागच्या आठवड्यात सकाळी उठून म्हणाले, "आज दिवस उगवायला उशीर करतोय." मी खिडकी उघडली होती. त्यांनीच ओळखलं आणि माझा हात धरून म्हणाले, "चष्मेवाली, तुझं एक गिऱ्हाईक कमी झालं." हसले. मग थोडा वेळ हसले नाहीत.

पण तू घाबरू नकोस. ग्रंथ पुरा झाला आहे, शेवटचा भाग छापून होतोय. धाग्यांवरून ते घरभर सरळ फिरतात, मोशेशी वळतात, शलमोनापाशी पाण्याचा माठ.

तुझं पाकीट काल आलं. आम्ही पाठवलेला नवा तक्ता तू ओळीने तपासलास, चार ठिकाणी चुका काढल्यास, चारही आम्हाला मान्य. नोहाच्या प्रकरणाबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, "हे खरं आहे." ती मी वाचली तेव्हा त्यांनी कागद माझ्या हातातून मागून घेतला. दिसत नाही तरी त्यांना तुझे कागद हातात धरायला आवडतं. उलटसुलट करत होते. एकदम थांबले.

"हे मागे काय लागतंय? चिकट आहे. मेणासारखं."

मी कागद उलटला. तुझ्या लक्षात आलं नसेल, किंवा आलंही असेल, पण तू अश्शूरच्या राजांचा तक्ता ज्या कागदावर लिहिलास त्याच्या मागे कुणीतरी रंगीत खडूने चित्र काढलंय.

"चित्र आहे," मी म्हटलं.

"कसलं?"

"जनावर आहे काहीतरी. पाच पाय आहेत. किंवा चार पाय आणि शेपूट. आणि वर मोठा पिवळा सूर्य, त्याला डोळे."

ते बोटं फिरवत राहिले. पाय मोजले. सूर्यावरून गोल बोट नेलं, पुन्हा नेलं. मग म्हणाले, "त्याला मूल आहे?"

"असेल. मला त्याने लिहिलं नाही."

"आपण विचारलं नाही," ते म्हणाले.

आज सकाळी त्यांनी मला खळ घेऊन भिंतीशी बोलावलं. मग म्हणाले, "कागद घे. आज मी सांगतो, तू फक्त लिही. गिऱ्हाइकाला नाही. त्याला."

त्यांनी सांगितलं ते खाली देतेय. माझा एकही शब्द नाही.

"बाळा, नोहाला शेम झाला तेव्हा नोहा किती वर्षांचा होता ते मी सांगू शकतो. मथुशलह कितव्या वर्षी मेला, इसहाकाचं लग्न कितव्या वर्षी झालं, हे मला झोपेतून उठवून विचार. पण तू बाप झालास तेव्हा तुझं वय काय होतं ते मला ठाऊक नाही. जनावराला पाच पाय काढणारं ते मूल मुलगा आहे की मुलगी, तेही ठाऊक नाही. भिंतीवर अजून जागा आहे. यरुशलेमपुढचा कागद मी आज हिच्याकडून चिकटवून घेतला आहे, लांब घेतला आहे. मूल घेऊन ये. येता येत नसेल तर वय लिहून पाठव. नुसतं वय लिही. वर्ष मी काढतो."